एका खेपेला एकच गोष्ट

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते, म्हणजे पुढे वेणूताईंविषयी लिहायला हात मोकळा राहील. एकोणीस वर्षांची असताना मी माझ्या आजेसासूबाईंच्या तांब्याच्या कळशीतलं गंगाजल मोरीत ओतलं आणि कळशीत उकळून गार केलेलं नळाचं पाणी भरून ठेवलं. एकदा नव्हे, ओळीनं चार दिवस. आणि दर वेळी तोंड पुसून त्यांच्यासमोर साळसूदपणे भाजी चिरत बसले.

ह्यांची बदली पुण्याहून कलकत्त्याला झाली तेव्हा स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. सरकारी कचेरीतली नोकरी, बागबाजारच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि घरात माणसं तीन: हे, मी आणि माई. माई म्हणजे ह्यांच्या आजी, वाईच्या. आईवेगळ्या नातवाला त्यांनीच वाढवलं होतं, म्हणून नातवाच्या बदलीबरोबर त्याही आल्या. बहात्तर वर्षांच्या सोवळ्या बाई कलकत्त्यावर अशा खूश झाल्या की विचारू नका. गंगा दहा मिनिटांवर! पण गुडघे काही घाटाच्या पायऱ्या उतरू देईनात. तेव्हा खाली राहणाऱ्या घरमालकांच्या म्हाताऱ्या आईनं, ठाकुमांनी, त्यांना युक्ती सांगितली. गल्लीच्या तोंडाशी रस्ते धुवायचा एक बुटका नळ होता. त्याला न गाळलेलं, थेट नदीचं पाणी येई. गढूळ, पण गंगेचं. ते मी रोज माईंच्या कळशीत भरून आणी. घरातल्या पिण्याच्या नळाला चामड्याचा वॉशर, म्हणून ते पाणी माईंना चालत नसे. रस्त्यावरच्या नळाच्या पोटात काय आहे, ते बघायला कोणी गेलं नव्हतं.

मी मॅट्रिक. शिवाय पुण्यात प्रथमोपचाराचा वर्ग केलेली. ते प्रमाणपत्र मी लग्नात रुखवतावर मांडलं होतं, म्हणजे माझी अक्कल कळेल. चैत्र लागला, शेजारच्या गल्लीत पटकीचे दोन रोगी निघाले, आणि मला आरोग्याच्या पुस्तकातलं पाण्याचं प्रकरण आठवलं. म्हाताऱ्या माणसांशी बोलत काय बसायचं, त्यांना कळतंय थोडंच, असं म्हणून मी परस्पर पाणी बदलून मोकळी झाले.

पाचव्या दिवशी माईंनी कळशी रिकामी केली आणि तळाशी बोट फिरवलं.

"कुमुद, गाळ कुठे गेला?"

"कसला गाळ, माई?"

"गंगेचा. रोज बोटभर असतो."

इथे तरी पाय धरावेत की नाही? मी उभी राहिले आणि भाषण ठोकलं. जंतू काय, विष्ठा काय, जुलाब काय, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "असंच पाणी पीत राहिलात तर आठ दिवसांत मराल!" आवाज असा चढवला होता की खाली ठाकुमांची पोथी थांबली.

माईंनी कळशी पालथी घातली. शांतपणे म्हणाल्या, "मरेन तेव्हा मरेन. पण आजपासून तुझ्या हातचं पाणी मला नको."

आणि खरंच बंद केलं. माझ्या हातचं पाणीही नाही, अन्नही नाही. स्वतःची शेगडी वेगळी मांडली, आणि त्या नळाचं पाणी दिवसातून दोनदा, गुडघे धरत, जिना उतरून आणू लागल्या. आधी पीत होत्या त्याहून जास्त, मला दिसेल असं, पिऊ लागल्या. दवाखान्याची माणसं गल्लीत पटकीची लस टोचायला आली तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "माईला काही झालं ना, तर—" आणि वाक्य न संपवताच कचेरीत गेले. त्यांच्या आईच्या जागी होत्या त्या. ते अर्धं वाक्य मला अजून ऐकू येतं.

त्याच संध्याकाळी ह्यांनी वेणूताईंना घरी आणलं.

वेणूताई कलकत्त्याच्याच. आजोबा शिक्षक म्हणून इकडे आले ते इथेच राहिले. वेणूताईंनी महाराष्ट्र दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा त्यांना तिथलं पाणी जड वाटलं होतं. वय पंचेचाळीसच्या आसपास, बांधा ठेंगणा, साडी बंगाली वळणाची, हातात काळी छत्री आणि खांद्याला कॅनव्हासची पिशवी. पिशवीत काचेची पिचकारी, सुयांची डबी आणि त्या उकळायला एक इवलासा स्पिरिटचा स्टोव्ह. वॉर्डाच्या दवाखान्यातर्फे त्या घरोघर फिरत. गल्लीत त्यांना सगळे 'सुई-दिदी' म्हणत. मराठी स्वच्छ बोलत, फक्त बंगाल्यांसारखं पाणी 'खात' असत. "उन्हातून आलीस, थोडं पाणी खा," असं मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. मी त्यांची चूक सुधारली. ज्या बाईला माझं घर सावरायला बोलावलं होतं, तिचं क्रियापद मी सुधारलं! त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस." आणि मरेपर्यंत पाणी खातच राहिल्या.

त्या पहिल्या भेटीत त्यांनी पाण्याचा विषय काढलाच नाही. चपला जिन्यात काढल्या. मी खुर्ची पुढे केली, ती बाजूला सारली आणि माई पाटावर बसल्या होत्या म्हणून त्या खाली जमिनीवर बसल्या. खिडकीकडे तोंड करून बसल्या, उजेड स्वतःच्या चेहऱ्यावर घेऊन. मला वाटलं, बाईंना वारा हवा असेल. मग अर्धा तास मेतकूट. डाळ किती, गहू किती, हिंग आधी की नंतर. पलीकडच्या गल्लीत माणसं उलट्या करून मरतायत आणि ह्या दोघी मेतकुटात!

जिन्यात मी त्यांना गाठलं. "अहो, सरळ सांगायचं ना त्यांना!"

"सरळ तू सांगितलंस की."

मी त्यांच्या चपला पुढे सरकवल्या.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर ये," त्या म्हणाल्या. "पिशवी उचलायला माणूस हवंय. आणि बोलायचं नाही हं."

त्या आठवड्यात मी जे पाहिलं, ते कुठल्याच वर्गात शिकवत नव्हते.

पहिलंच घर एका निवृत्त हेडमास्तरांचं. कानांनी अधू. बोलायचं नाही हे मी घराच्या पायरीपर्यंत पाळलं. वेणूताई त्यांच्या सुनेशी बोलत होत्या तेवढ्यात मी संधी साधली. मास्तरांच्या कानाशी जाऊन, एकेक शब्द तोडून, शेंबड्या पोराशी बोलावं तशा सुरात हिंदीतून ओरडले, "दादू! पानी! उबाल के! पीना!" मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "आमि काला, बोका नोइ." सुनेनं पदर तोंडावर घेतला. मी बहिरा आहे, मूर्ख नाही, असा त्याचा अर्थ वेणूताईंनी मला नंतर सांगितला. खरं तर त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला तो कळला होता.

मग वेणूताई त्यांच्यासमोर उजेडात बसल्या. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला, जाड केला. "म्हाताऱ्या कानांना किंचाळणं ऐकू येत नाही, खर्ज ऐकू येतो. आणि ओठ दिसले पाहिजेत," हे पुढे मला सांगितलं. तेव्हा कुठे मला खिडकीकडे तोंड करून बसण्याचा उलगडा झाला. हेडमास्तरांना त्या दिवशी त्यांनी फक्त एक गोष्ट सांगितली: बाहेरची कापलेली फळं खाऊ नका. बस्स. लस नाही, पाणी नाही, माशा नाहीत. मला राहवेना. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाकीचं विसरलात!"

"एका खेपेला एकच गोष्ट," त्या म्हणाल्या. "दोन सांगितल्या की दोन्ही उंबऱ्यावर राहतात."

"मग चार गोष्टींना चार खेपा?"

"मला पाय कशाला दिलेत?"

विसरण्यावरून आठवलं. प्रत्येक घरातून निघताना, दाराशी थबकून, त्या कपाळावर हात मारत. "अगो बाई, मी काय सांगितलं तुम्हाला? दहा घरं फिरते, कुठे काय बोलले लक्षात राहत नाही. दवाखान्यात लिहायचंय मला. सांगा ना." आणि म्हातारं माणूस त्यांच्यावर दया करून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगे. कुठे चुकलं तर वेणूताई म्हणत, "असं म्हणाले मी? माझंच चुकलं की मग," आणि पुन्हा बसत. चार दिवस हे पाहून मला बाईंची फार काळजी वाटली. मी घरून ब्राह्मीच्या तेलाची बाटली नेऊन त्यांच्या हातात ठेवली. "रोज टाळूवर थापा, स्मरण सुधारतं," असंही सांगितलं. त्या रस्त्यात छत्री टेकून इतक्या हसल्या की रिक्षावाला थांबला. वॉर्डातल्या दीडशे म्हाताऱ्यांची नावं, दुखणी, जावयांची गावं आणि आवडीचे मासे त्या बाईला तोंडपाठ होते, हे मला त्यानंतर कळलं. समोरच्याला नीट समजलंय की नाही ते त्याची परीक्षा न घेता बघायची ती रीत होती. बाटली मात्र त्यांनी ठेवून घेतली. छान वास होता म्हणाल्या.

पण माझी छाती फुगली ती घाटाजवळच्या एका वाड्यात. तिथले दादामोशाय, म्हणजे घरातले आजोबा, ऐंशीचे, जमीनदारी गेलेली, ऐट राहिलेली. लस टोचून घेणार नाही म्हणून हट्टाला पेटलेले. घरातली चौदा माणसं त्यांच्याकडे बघून थांबलेली. वेणूताई मराठी आहेत हे कळल्यावर ते आरामखुर्चीतून गरजले, "दोनशे वर्षांपूर्वी तुमचे घोडेस्वार येणार म्हणून आमच्या वाडवडिलांनी ह्याच बागबाजारपासून खंदक खणला होता! आता तुम्ही सुई घेऊन आलात. आता मी काय खणू?"

वेणूताई सुया उकळत होत्या. वर न बघता बंगालीत म्हणाल्या, "आता काही खणू नका, दादामोशाय. नुसती बाही वर करा. ह्या वेळी मराठे तुमच्या बाजूनं आलेत."

म्हातारा इतका खूश झाला की त्यानं दोन्ही बाह्या वर केल्या. त्याच्यामागून चौदाच्या चौदा माणसं रांगेत आली. त्या घरातून बाहेर पडताना मी पिशवी अशी मिरवत नेली, जणू खंदक मीच ओलांडला होता. आमची मराठी बाई! कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण ती गल्लीत शिरली की ओट्यावरचे म्हातारे सरसावून बसत.

आणि आमच्या घरी? आमच्या घरी माई रोज त्याच नळाचं पाणी पीत होत्या. दोन घरं सोडून राहणाऱ्या परटिणीची सासू एका दिवसात गेली. सकाळी कपड्यांचं गाठोडं घेऊन आलेली बाई दिवे लागायच्या आत गेली. मी वेणूताईंसमोर रडले. म्हणाले, "तुम्ही दोनदा येऊन गेलात आणि अजून मेतकूट आणि गुडघेच चाललेत." दुसऱ्या खेपेला गुडघे झाले होते.

"आजची खेप पाण्याची," त्या म्हणाल्या. "पण मी काही सांगणार नाही. मी विचारणार."

त्या आल्या, बसल्या आणि विचारलं, "माई, तुमच्या लहानपणी वाईला पटकी आली होती का हो?"

माईंनी हातातली जपमाळ खाली ठेवली. मी दाराआड उभी होते. मग त्यांनी जे सांगितलं, ते ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. त्या आठ वर्षांच्या होत्या. दोन भाऊ होते, एक मोठा, एक पाठचा. दोघेही एकाच दिवशी गेले. आई वेडीपिशी झाली. त्या दिवसापासून त्यांच्या वडिलांनी अंगणात मोठं तपेलं चढवलं आणि कृष्णेचं पाणी उकळल्याशिवाय घरात येऊ दिलं नाही. गावानं नावं ठेवली. कृष्णामाईला विस्तव दाखवतो म्हणाले.

"मग वडील काय म्हणाले?" वेणूताईंनी विचारलं.

"म्हणाले, नदी आईच आहे. पण वरच्या गावातली माणसं तिच्यात काय काय धुतात, ते आईला कसं अडवता येणार?"

वेणूताईंनी नुसती मान हलवली. एवढी बोलकी बाई, पण गप्प बसणं तिला माझ्या दसपट जमायचं. मी असते तर तिथेच टाळी वाजवून "बघा! मी तेच सांगत होते!" म्हणाले असते आणि सगळं घालवलं असतं.

मग त्या हळूच म्हणाल्या, "माई, ह्या गल्लीत सहा-सात म्हाताऱ्या बायका आहेत, त्या नळाचंच पाणी घेणाऱ्या. माझं ऐकत नाहीत. मी त्यांना काय सांगू?"

"उद्या सांगते," माई म्हणाल्या.

त्या रोजी दाराशी थांबून वेणूताईंनी काही विचारलं नाही. आजची आठवण ज्याची त्यालाच असू दे, असं काहीतरी जिन्यात पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माईंची शेगडी लवकर पेटली. नळाचं पाणी त्यांनी चौपदरी फडक्यातून गाळलं, तांब्याच्या तपेलीत चढवलं आणि खळखळून उकळलं. ह्यांनी भीतभीत विचारलं, "माई, देवाच्या पंचपात्रात कुठलं भरू?"

"हेच. अग्नीनं काही विटाळत नाही."

वेणूताई आल्या तेव्हा माईंनी स्वतःच दंड पुढे केला. पिचकारी भरली गेली आणि एकदम दंड मागे.

"आधी हिला टोचा."

हिला म्हणजे मला. आता उरलेला गाढवपणाही सांगते. गल्लीभर लसीवर भाषणं देणाऱ्या ह्या प्रमाणपत्रधारी बाईनं स्वतः टोचून घेतलं नव्हतं. सुईची भीती. आठवडाभर पिशवी वाहिली ती डोळे दुसरीकडे वळवून. वेणूताईंना ते पहिल्याच दिवशी कळलं असणार, पण बाई अवाक्षर बोलली नव्हती. माईंनी मात्र इतक्या वर्षांच्या संसारात मिळालेल्या नजरेनं माझी नाडी बरोबर पकडली. सुई लागली आणि मी अशी किंकाळी फोडली की खालून ठाकुमा "की होलो? की होलो?" करत वर आल्या. माई हसत होत्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता त्यांनी स्वतः टोचून घेतलं, आणि आल्याच आहात तर म्हणून ठाकुमांनाही टोचायला लावलं.

त्यानंतर महिनाभर बागबाजारात एक नवीनच जोडी दिसू लागली. पुढे छत्रीखाली वेणूताई, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून माई, मागे पिशवी घेऊन मी. माईंचं बंगाली म्हणजे वाईचं मराठी, शेवटी 'गो' लावलेलं. तरी बायकांना सगळं समजे. घरात शिरताच माई आपल्या दोन भावांची हकिगत सांगत आणि वेणूताई गप्प बसत. उन्हाळा संपेपर्यंत आमच्या गल्लीतल्या प्रत्येक सोवळ्या बाईच्या शेगडीवर तपेली चढली. पुढे आमच्या गल्लीत पटकीचा एकही रोगी झाला नाही. दवाखान्यातले डॉक्टर ह्यांना रस्त्यात थांबवून म्हणाले की तुमच्या घरच्या बायकांनी काम केलं. हे त्या दिवशी घरी येऊन आधी माईंच्या पाया पडले आणि मग, कोणी बघत नाही असं बघून, माझ्याशी हसले.

पण माई पाणी उकळत ते स्वतः आणि पीत तेही स्वतःच्या हातानं. माझ्या हातचं नाही. माझ्याशी बोलत, माझी थट्टा करत, पोळ्याही खाऊ लागल्या होत्या. पाणी मात्र नाही. मी मागितलेल्या माफीवर त्या नुसतं "हूं" म्हणाल्या होत्या. मी वेणूताईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ही खेप तुझी आहे. मी येत नाही."

पाऊसकाळ सुरू झाल्यावर त्यांची बदली बजबजला झाली, तागाच्या गिरण्यांच्या वस्तीत. आम्ही दोघी त्यांना गाडीवर पोचवायला गेलो. मला वाटलं होतं काही तरी मोठं बोलतील. त्या हमालाशी भांडत होत्या. पिशवी डोक्यावर नको, आत काच आहे, मी मांडीवर घेईन. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात केला, पण अर्धाच. शेजारी एक म्हातारी येऊन बसली होती आणि तिनं पायाचा सुजलेला घोटा दाखवायला लुगडं वर घेतलं होतं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं: मान खाली, छत्री काखेत, पिशवी मांडीवर आणि दोन्ही हातांत एका अनोळखी बाईचं पाऊल. त्यानंतर पत्रं येत राहिली. भेट झाली नाही.

घरी येईस्तो ऊन पडलं होतं. माई जिन्याच्या मधल्या पायरीवर बसल्या, घाम पुसला आणि म्हणाल्या, "पाणी आण गं."

मी वर धावले. त्यांची तपेली, त्यांचं फुलपात्र, काही चुकायला नको म्हणून दोन्ही हातांनी धरून आणलं. त्यांनी आधी तळाशी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि एका दमात सगळं पाणी प्याल्या. रिकामं फुलपात्र माझ्या हातात दिलं. मी रडायच्या बेतात आहे हे बघून त्यांनी माझा दंड धरला, उठल्या आणि म्हणाल्या:

"उद्या त्या घाटाजवळच्या बायकांकडे तू बोल. मी शेजारी बसते. जास्त बोलायला लागलीस की खोकेन."